संगणक कंपनीचे मोल कसे ठरते?

झाशीचे नाव घेताच मराठी वाचकाच्या डोळ्यांसमोर किल्ला आणि राणी लक्ष्मीबाई उभी राहते. परंतु १८५७ नंतरच्या झाशीला जे रूप आले ते मुख्यतः लोहमार्गामुळे. १८८५ मध्ये स्थापन झालेल्या इंडियन मिडलंड रेल्वे कंपनीने झाशीहून ग्वाल्हेर-आग्रा, भोपाळ, कानपूर आणि माणिकपूर अशा चारी दिशांना मार्ग टाकले. १९०० मध्ये या मार्गांचा कारभार ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेकडे गेला आणि झाशी हे मुंबई-दिल्ली मार्गावरील एक मोठे जंक्शन बनले. १८९५ पासूनचा तेथील रेल्वे कारखाना कित्येक कुटुंबांना पिढ्यानपिढ्या रोजगार देत आला.

हे मार्ग टाकण्यासाठी लागलेला पैसा आला कोठून? तो इंग्लंडमधील भागधारकांनी दिला. परंतु साहस म्हणून नव्हे. सुरुवातीच्या रेल्वे कंपन्यांना सरकारने भांडवलावर व्याजाची हमी दिली होती. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेच्या बाबतीत ही हमी ५ टक्क्यांची होती. इंडियन मिडलंड कंपनीलाही अशीच, पण कमी दराची हमी होती. गाडीत प्रवासी बसोत वा न बसोत, लंडनमधील भागधारकाला ठरलेली रक्कम मिळत असे. तूट पडल्यास तिचा बोजा भारतीय करदात्यावर पडे.

अशा भागाचे मोल ठरविणे सोपे होते. समजा, १०० पौंडांच्या भागावर दरसाल ५ पौंड निश्चित मिळतात आणि त्या वेळी सुरक्षित गुंतवणुकीवर बाजारात ४ टक्के व्याज आहे. मग त्या भागासाठी खरेदीदार १२५ पौंडांपर्यंत देण्यास तयार होईल. कारण १२५ पौंडांचे ४ टक्के म्हणजे ५ पौंडच. व्याजाचा दर ५ टक्के झाला तर तोच भाग १०० पौंडांवर येईल. यात शंकेला वा स्वप्नाला फारशी जागा नाही. उत्पन्न ठाऊक आहे, दर ठाऊक आहे; राहतो तो केवळ भागाकार.

हा साधा भागाकारच सर्व मूल्यमापनाचा पाया आहे. कोणत्याही कंपनीच्या भागाचे मोल म्हणजे तिच्यापासून पुढे मिळणाऱ्या उत्पन्नाचे आजचे मोल होय. अडचण एवढीच की हमी काढून घेतली की ‘पुढे मिळणारे उत्पन्न’ ही ज्ञात संख्या राहत नाही. तो एक अंदाज होतो. आणि ज्या उद्योगात दर दोन-तीन वर्षांनी वस्तूच बदलते, त्या उद्योगात हा अंदाज किती चुकू शकतो, हे वैयक्तिक संगणक बनविणाऱ्या कंपन्यांच्या इतिहासावरून चांगले समजते.

एका भागाची किंमत फसवी असते

झाशीच्या रेल्वे कारखान्यातून निवृत्त झालेल्या एका कारागिराची कल्पना करावी. भविष्यनिर्वाह निधीची रक्कम त्याच्या हाती आली आहे. मुलगा त्याला सांगतो की संगणक बनविणाऱ्या दोन कंपन्या बाजारात आहेत. एकीचा भाग ८५ ना मिळतो, दुसरीचा ३० ना. कारागीर आयुष्यभर लोखंडाचे वजन पाहत आलेला. तो साहजिकच विचारतो, ‘मग पहिली महाग आणि दुसरी स्वस्त, असेच ना?’

हा प्रश्न स्वाभाविक आहे, पण त्याचे उत्तर ‘नाही’ असे आहे. कारण भाग म्हणजे कंपनीचा एक तुकडा. तुकड्याची किंमत कळली तरी एकूण तुकडे किती हे कळल्यावाचून पूर्ण वस्तूची किंमत समजत नाही. भाकरीचे चार तुकडे केले काय किंवा आठ केले काय, भाकरी तेवढीच राहते.

याचे उदाहरण झाशीतच मिळते. शहराजवळ खैलार येथे भारत हेवी इलेक्ट्रिकल्स या सार्वजनिक क्षेत्रातील कंपनीचा कारखाना आहे. त्याची कोनशिला १९७४ मध्ये इंदिरा गांधी यांच्या हस्ते बसविण्यात आली. तेथे विजेची रोहित्रे आणि रेल्वेची विद्युत इंजिने तयार होतात. २०११ मध्ये या कंपनीने आपल्या १० रुपये दर्शनी किमतीच्या प्रत्येक भागाचे २ रुपयांचे पाच भाग केले. ज्याच्याजवळ १०० भाग होते त्याच्याजवळ ५०० झाले आणि बाजारातील दर त्याच प्रमाणात खाली आला. वृत्तपत्रातील आकडा पाहून एखाद्याला वाटले असते की कंपनी बुडाली. पण खैलारच्या कारखान्यात त्या दिवशी एक खिळाही कमी झाला नव्हता.

म्हणून तुलनेची पहिली पायरी अशी: एका भागाचा बाजारभाव गुणिले एकूण भागांची संख्या. या गुणाकाराला कंपनीचे बाजारमूल्य म्हणतात. संपूर्ण कंपनी आजच्या भावाने विकत घ्यावयाची झाली तर किती रक्कम लागेल, हे त्यावरून कळते. दोन कंपन्यांची तुलना करावयाची ती या आकड्यांची. भागांच्या दरांची नव्हे.

अमळनेरची तेलगिरणी आणि संगणक

भागांची संख्या वाढत जाणे म्हणजे काय, याचे सर्वांत ठळक उदाहरण महाराष्ट्रात आहे. जळगाव जिल्ह्यातील अमळनेर येथे १९४५ च्या डिसेंबरात वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स ही कंपनी स्थापन झाली. तिचे संस्थापक महंमद हुसेन हाशम प्रेमजी. कंपनी वनस्पती तूप आणि साबण बनवीत असे. गावातील आणि परिसरातील अनेकांनी तिचे भाग घेतले. १९६६ मध्ये संस्थापकांचे निधन झाले तेव्हा त्यांचे चिरंजीव अझीम प्रेमजी अमेरिकेतील शिक्षण सोडून परतले. त्या वेळी त्यांचे वय २१ वर्षांचे होते.

पुढे भारतीय संगणक उद्योगाला एक अनपेक्षित संधी मिळाली. परकीय भागीदारीवर आलेल्या निर्बंधांमुळे आय.बी.एम. या बलाढ्य अमेरिकन कंपनीने १९७८ मध्ये भारतातील कारभार आवरला. तिची जागा घेण्यासाठी देशी कंपन्या पुढे आल्या. १९७६ मध्ये शिव नाडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्थापिलेली एच.सी.एल. ही त्यांतील एक. अमळनेरची कंपनीही, आता ‘विप्रो’ या नावाने, १९८० च्या दशकाच्या आरंभी संगणक बनवू लागली. मुंबईची झेनिथ कॉम्प्युटर्स ही याच काळातील आणखी एक प्रतिस्पर्धी. १९८४ च्या नव्या संगणक धोरणाने आयातीवरील बंधने सैल केली आणि वैयक्तिक संगणक हळूहळू कचेऱ्यांमध्ये दिसू लागला.

विप्रोने आपल्या भागधारकांना वेळोवेळी बोनस भाग दिले आणि भागांचे विभाजनही केले. १९८० मध्ये ज्याच्याजवळ १०० भाग होते त्याने ते न विकता जपून ठेवले, तर त्यांचे काय झाले ते पाहण्यासारखे आहे. १९८१ आणि १९८५ मध्ये एकास एक बोनस मिळून ते ४०० झाले. १९८६ मध्ये १०० रुपयांच्या भागाचे १० रुपयांचे दहा भाग झाल्याने ४,००० झाले. १९८७, १९८९, १९९२ आणि १९९५ या चार वर्षी प्रत्येक वेळी दुप्पट होऊन ६४,००० झाले. १९९७ मध्ये एकास दोन बोनस मिळून १,९२,००० आणि १९९९ च्या विभाजनानंतर ९,६०,००० झाले. २००४, २००५ आणि २०१० च्या बोनसांनंतर ही संख्या ९६ लाखांवर पोहोचली.

येथे एक गोष्ट नीट ध्यानात घेतली पाहिजे. बोनसाने कोणी श्रीमंत होत नाही. भाकरीचे तुकडे वाढतात, एवढेच. अमळनेरमधील ज्या कुटुंबांनी हे भाग जपले ती श्रीमंत झाली, कारण तुकडे वाढत असताना भाकरीही वाढत होती. कंपनीचा नफा दशकांमागून दशके वाढत गेला आणि त्याचा मोठा भाग धंद्यातच पुन्हा गुंतविला गेला.

आणि भाकरी वाढली ती मुख्यत्वे संगणकाच्या पेट्यांमुळे नव्हे. ती वाढली संगणकासाठी लिहिल्या जाणाऱ्या आज्ञावलींच्या, म्हणजे सॉफ्टवेअरच्या सेवांमुळे. या दोन धंद्यांतील अंतर एच.सी.एल. समूहात अधिक स्पष्ट दिसते. तेथे संगणक विकणारी एच.सी.एल. इन्फोसिस्टिम्स आणि सॉफ्टवेअर सेवा देणारी एच.सी.एल. टेक्नॉलॉजीज अशा दोन स्वतंत्र कंपन्या बाजारात होत्या. एकाच घराण्याचे नाव, एकाच परंपरेतील अभियंते. परंतु बाजाराने सेवा देणाऱ्या कंपनीचे मोल संगणक विकणाऱ्या कंपनीच्या कित्येक पट केले. २०१३ च्या सुमारास विप्रो आणि एच.सी.एल. या दोघांनीही वैयक्तिक संगणकांचे उत्पादन थांबविले.

पेटी सारखीच असेल तर

संगणकाच्या पेटीला इतके कमी मोल का मिळाले? याचे उत्तर त्या यंत्राच्या रचनेतच आहे. १९८१ च्या ऑगस्टमध्ये आय.बी.एम.ने आपला वैयक्तिक संगणक बाजारात आणला. घाईत तयार केलेल्या या यंत्रासाठी तिने बहुतेक भाग बाहेरून घेतले. गणन करणारा मुख्य घटक, म्हणजे प्रक्रियक, इंटेल कंपनीचा होता आणि यंत्र चालविणारी मूळ आज्ञावली मायक्रोसॉफ्टची. हे दोन्ही घटक इतर कोणालाही विकत मिळू शकत होते. लवकरच शेकडो कारखान्यांनी तशीच यंत्रे बनविली. ग्राहकाच्या दृष्टीने एका पेटीत आणि दुसऱ्या पेटीत फरक राहिला तो किमतीचा.

जेथे वस्तू सारखी असते तेथे विक्रेत्याला नफा थोडा मिळतो. हे बाजारात धान्य विकणाऱ्याला सांगावे लागत नाही. संगणकाच्या धंद्यातील खरा नफा प्रक्रियक आणि मूळ आज्ञावली बनविणाऱ्यांकडे गेला. स्वतः आय.बी.एम.ने आपला वैयक्तिक संगणकाचा विभाग २००५ मध्ये चीनच्या लेनोव्हो कंपनीला विकला. सर्व धरून हा व्यवहार सुमारे १.७५ अब्ज डॉलरचा होता. वर्षाला नऊ अब्ज डॉलरहून अधिक विक्री करणाऱ्या विभागाची ही किंमत! मोठी विक्री म्हणजे मोठे मोल, या समजुतीला यापेक्षा स्पष्ट उत्तर मिळणे कठीण.

या गर्दीत दोन कंपन्यांनी दोन वेगळ्या वाटा धरल्या.

पहिली ॲपल. १ एप्रिल १९७६ रोजी ती स्थापन झाली. १२ डिसेंबर १९८० रोजी तिचे भाग २२ डॉलरला विक्रीस आले आणि पहिल्याच दिवशी २९ डॉलरवर गेले. ॲपलने यंत्र आणि ते चालविणारी आज्ञावली ही दोन्ही स्वतःकडेच ठेवली. तिच्यासारखी पेटी दुसरा कोणी बनवू शकत नव्हता. परंतु त्यामुळेच ती महाग होती आणि तिचे ग्राहक मोजके होते.

दुसरी डेल. १९८४ मध्ये टेक्सास विद्यापीठात शिकणाऱ्या मायकेल डेल या विद्यार्थ्याने १,००० डॉलरच्या भांडवलावर ती सुरू केली. १९८८ च्या जूनमध्ये तिचे भाग ८.५० डॉलरला विक्रीस आले. डेलची पेटी इतरांसारखीच होती; वेगळी होती ती विकण्याची रीत. मधला दुकानदार तिने गाळला. ग्राहकाने मागणी नोंदवावी, मगच यंत्राची जुळणी व्हावी. कोठारात सुट्या भागांचा साठा काही दिवसांपुरताच असे. ग्राहकाचा पैसा आधी येई आणि माल पुरविणाऱ्याचे देणे नंतर चुकते होई. त्यामुळे इतरांना जे खेळते भांडवल लागे ते डेलला जवळपास लागतच नव्हते. थोड्या नफ्याच्या धंद्यातही ती भरपूर कमावू शकली ती यामुळे.

एक दिवस, दोन कंपन्या

१९९७ मध्ये या दोन वाटांचा निकाल लागला आहे असे दिसत होते. त्या वर्षी ॲपलला एक अब्ज डॉलरहून अधिक तोटा झाला. मायक्रोसॉफ्टने ऑगस्टमध्ये तिच्यात १५ कोटी डॉलर गुंतविले. वर्षाला सुमारे सात अब्ज डॉलरची विक्री करणाऱ्या या कंपनीचे बाजारमूल्य दोन-अडीच अब्ज डॉलरच्या घरात आले होते. ॲपलची सूत्रे हाती असती तर काय केले असते, असे ऑक्टोबर १९९७ मध्ये एका सभेत मायकेल डेल यांना विचारण्यात आले. कंपनी बंद करून भागधारकांचे पैसे परत करीन, अशा आशयाचे उत्तर त्यांनी दिले. ते उद्धट वाटले तरी त्या वेळच्या आकड्यांशी विसंगत नव्हते.

आता आठ वर्षांनी पुढे यावे. १३ जानेवारी २००६ रोजी अमेरिकन बाजार बंद झाला तेव्हा ॲपलचा भाग सुमारे ८५ डॉलरला होता आणि डेलचा सुमारे ३० डॉलरला. ॲपलचे भाग ८४ कोटींच्या आसपास, तर डेलचे सुमारे २३५ कोटी. गुणाकार केला असता ॲपलचे बाजारमूल्य ७२.१३ अब्ज डॉलर आणि डेलचे ७१.९७ अब्ज डॉलर भरले. ज्या कंपनीला टाळे लावावे असे सुचविले गेले होते, ती सुचविणाऱ्याच्या कंपनीला किंचित मागे टाकून गेली होती. ॲपलचे प्रमुख स्टीव्ह जॉब्स यांनी आपल्या कर्मचाऱ्यांना पत्र पाठवून या घटनेची आठवण करून दिली.

झाशीच्या कारागिराच्या मुलाने सांगितलेले ८५ आणि ३० हे आकडे या दिवसाचेच मानावेत. तो स्वस्त-महाग ठरवीत असलेल्या दोन्ही कंपन्या, संपूर्ण विकत घ्यावयाच्या झाल्यास, एकाच किमतीच्या होत्या.

मग दुसरी पायरी येते. या समान किमतीच्या मोबदल्यात खरेदीदाराला काय मिळत होते? डेलची त्या सुमाराची वार्षिक विक्री ५६ अब्ज डॉलरच्या आसपास होती आणि निव्वळ नफा सुमारे साडेतीन अब्ज. ॲपलची सप्टेंबर २००५ अखेरच्या वर्षाची विक्री सुमारे १४ अब्ज डॉलर होती आणि नफा सुमारे १.३ अब्ज. म्हणजे डेलची विक्री चौपट आणि नफा अडीच पटींहून अधिक. तरीही मोल सारखेच!

बाजारमूल्याला वार्षिक नफ्याने भागले की किंमत-नफा गुणोत्तर मिळते. डेलच्या बाबतीत ते सुमारे २० येते. ॲपलच्या बाबतीत ५४ च्या आसपास. रेल्वेच्या भागाचा भागाकार येथे पुन्हा आठवावा. ५ पौंडांसाठी १२५ पौंड मोजणारा २५ पट किंमत देत होता, पण त्याच्यामागे सरकारी हमी होती. ॲपलच्या एका डॉलर नफ्यासाठी ५४ डॉलर मोजणाऱ्याजवळ कोणतीही हमी नव्हती. हा नफा पुढे बराच वाढेल, एवढा विश्वास त्याच्याजवळ होता.

त्या विश्वासाला आधार नव्हता असे नाही. २००१ मध्ये ॲपलने आयपॉड हे खिशात मावणारे संगीतयंत्र आणले होते. डिसेंबर २००५ अखेरच्या केवळ तीन महिन्यांत असे १ कोटी ४० लाख संच विकले गेले. ती वस्तू संगणक नव्हती. तिच्यासारखी पेटी शेकडो कारखाने बनवीत नव्हते. बाजार ॲपलला संगणक कंपनी म्हणून मोजायचे थांबवू लागला होता. पुढच्याच वर्षी, जानेवारी २००७ मध्ये, कंपनीने आपल्या नावातून ‘कॉम्प्युटर’ हा शब्द काढला आणि त्याच दिवशी आयफोन जगासमोर ठेवला. ५४ पटींचा विश्वास प्रत्यक्षात अपुरा ठरला. २०१८ मध्ये तिचे बाजारमूल्य १,००० अब्ज डॉलरच्या पुढे गेले. डेल मात्र २०१३ मध्ये सुमारे २५ अब्ज डॉलरना संस्थापक आणि त्यांच्या भागीदारांनी बाजारातून काढून घेतली; २०१८ च्या अखेरीस ती पुन्हा बाजारात आली.

विश्वासाची किंमत

ही कथा येथेच संपविली तर वाचकाची दिशाभूल होईल. जास्त गुणोत्तराची कंपनी घ्यावी, म्हणजे लाभ होतो, असा धडा त्यातून कोणी काढील. त्यासाठी डेलचीच आणखी एक तुलना करावी लागते, आणि ती स्वतःशीच.

२००० च्या मार्चमध्ये डेलचा भाग ५८ डॉलरच्या आसपास होता आणि कंपनीचे बाजारमूल्य १४० अब्ज डॉलरहून अधिक. त्या सुमाराचा तिचा वार्षिक नफा होता सुमारे १.६७ अब्ज डॉलर. म्हणजे गुणोत्तर ८० च्या वर. पुढील सहा वर्षांत कंपनीने काही वाईट केले नाही. तिची विक्री दुपटीहून अधिक झाली, नफाही दुप्पट झाला. आणि तरी २००६ च्या जानेवारीत तिचे मोल निम्म्यावर आले होते. चांगली कंपनी विकत घेणाऱ्याचेही नुकसान झाले. कारण त्याने केवळ कंपनी विकत घेतली नव्हती, तिच्याबद्दलचा इतरांचा अतिरेकी विश्वासही विकत घेतला होता.

अमळनेरच्या कंपनीचाही अनुभव निराळा नाही. २००० च्या फेब्रुवारीत विप्रोचा २ रुपयांचा भाग १० हजार रुपयांच्या जवळपास पोहोचला आणि तिचे बाजारमूल्य २ लाख कोटी रुपयांच्या पुढे गेले. वार्षिक नफ्याच्या शेकडो पट असे ते मोल होते. पुढील दीड-दोन वर्षांत त्यातील फार मोठा हिस्सा नाहीसा झाला. कंपनी टिकली, वाढली. परंतु ज्याने त्या शिखरावर भाग घेतला त्याला, बोनस हिशेबात धरूनही, दीर्घ काळ वाट पाहावी लागली. त्याच कंपनीचे भाग १९८० पासून जपणाऱ्याला अपार लाभ झाला. कंपनी एकच, दोघांनी मोजलेली किंमत मात्र निराळी.

शिवाय इतिहास टिकून राहिलेल्यांचाच सांगितला जातो. १९८० आणि १९९० च्या दशकांत भारतात आणि अमेरिकेत संगणक बनविणाऱ्या कितीतरी कंपन्या बाजारात होत्या. त्यांतील बहुतेकांची नावे आज कोणाला आठवत नाहीत. १९८२ मध्ये स्थापन झालेली कॉम्पॅक एकेकाळी जगात सर्वाधिक वैयक्तिक संगणक विकत होती. २००२ मध्ये ती ह्यूलेट-पॅकार्डमध्ये विलीन झाली. अमळनेरच्या भाग्यवान कुटुंबांच्या गोष्टी छापल्या जातात; नामशेष झालेल्या कंपन्यांचे भागपत्र पेटीत जपून ठेवणाऱ्यांच्या छापल्या जात नाहीत.

तुलना कशी करावी

दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांचे मोल तपासताना विचारावयाचे प्रश्न आता क्रमाने मांडता येतात. पहिला प्रश्न भागांच्या संख्येचा: एका भागाचा भाव बाजूला ठेवून संपूर्ण कंपनीची किंमत काढावी. दुसरा नफ्याचा: त्या किमतीला वार्षिक नफ्याने भागून गुणोत्तर पाहावे, केवळ विक्रीच्या आकड्याने भारून जाऊ नये. तिसरा भांडवलाचा: तेवढा नफा मिळविण्यासाठी कंपनीला किती साठा, किती यंत्रे आणि किती कर्ज लागते, हे ताळेबंदावरून पाहावे. चौथा वस्तूचा: ही वस्तू दुसरा कोणी उद्या बनवू शकेल काय? बनवू शकत असेल तर आजचा नफा टिकेल असे धरून चालू नये.

पाचवा प्रश्न सर्वांत अवघड आहे. आजच्या किमतीत किती भाग मिळालेल्या नफ्याचा आहे आणि किती भाग अजून न मिळालेल्या नफ्यावरील विश्वासाचा? पहिल्या चार प्रश्नांची उत्तरे कागदावर सापडतात. पाचव्याचे उत्तर कोणत्याही ताळेबंदात नसते. १९९७ मध्ये बाजाराने ॲपलवर फार थोडा विश्वास ठेवला आणि तो चुकला. २००० मध्ये डेलवर फार अधिक ठेवला आणि तेव्हाही चुकला. दोन्ही वेळी आकडे खरे होते.

झाशीच्या त्या निवृत्त कारागिराकडे पुन्हा वळावे. त्याच्या हातातील रक्कम तीस-पस्तीस वर्षांच्या श्रमाची आहे. चुकले तर पुन्हा मिळविण्यास त्याच्याजवळ वर्षे नाहीत. बाजाराचा अंदाज चुकला तरी बाजार उद्या पुन्हा उघडतो. त्याची सोय तशी नाही. म्हणून कोणती कंपनी महाग आणि कोणती स्वस्त यापूर्वी त्याने स्वतःलाच विचारले पाहिजे की, हमी नसलेल्या उत्पन्नावर आपल्या पुंजीतील किती हिस्सा आपण सोडू शकतो? ज्या लोहमार्गावर त्याने आयुष्य घालविले, त्याचे भागधारक हा प्रश्न विचारल्यावाचून सुखी राहू शकले, कारण त्यांची जोखीम दुसऱ्याने उचलली होती. संगणक कंपनीच्या भागधारकासाठी ती कोणी उचलीत नाही.